युद्धावरची कॉमिक्स: डोळे उघडतात की डोळ्यांत धूळ फेकतात?

फोंडेकर:
युद्धाचं वार्तांकन करणारी कॉमिक्स वाचून आमची पोरं "आम्ही सगळं बघितलंय" अशा थाटात बोलतात. माझा आक्षेप तिथेच आहे. कॉमिकमधून बातमीदारी करणारा पत्रकार जो सॅको, त्याचं गाझावरचं पुस्तक २००९चं, घटना मात्र नोव्हेंबर १९५६च्या, खान युनिस आणि रफाहमधल्या हत्यांच्या. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर म्हाताऱ्या साक्षीदारांना विचारून त्यानं भिंती, गर्दी, चेहरे सगळं रेखाटलं. बातमीत "असं अमुक सांगतो" हे शब्द आडवे येतात. चित्रात ते गळतात आणि नुसती भिंत डोक्यात राहते.

म्हापसेकरीण:
फोंडेकरबाब, पुस्तक वाचलंत की चाळलंत? साक्षीदारांच्या हकिगती जिथे जुळत नाहीत, तिथे सॅको तसं पानावरच सांगतो. शिवाय तो स्वतःला चित्रात घालतो: जाड ओठ, चष्म्यामागे डोळेच नाहीत. १९९३पासून भागाभागांनी आलेल्या पॅलेस्टाईनवरच्या कामात तर चांगली गोष्ट मिळावी म्हणून सुटलेली स्वतःची हावही त्यानं दाखवलीय. टीव्हीवरचा वार्ताहर दाखवतो का?

फोंडेकर:
वाचलंय, बाये. चौकटीतला मजकूर आणि शेजारी मार खाणारा माणूस, यात नजर कुठे जाते? बोस्नियाच्या युद्धात वेढलेल्या गोराझ्दे शहरावरचं त्याचं पुस्तकच घ्या. तो वेढ्यातल्या बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातल्या मुसलमान लोकांत राहिला, म्हणून शहराबाहेरचे सर्ब आपल्याला बहुतेक शहरातल्यांच्या तोंडूनच भेटतात. सॅको खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. तो कुठे उभा आहे, तिथेच वाचकही उभा राहतो, आणि हे त्याला कळतही नाही.

मडगावचो मास्तर:
पोरं फसतात म्हणता, पण घाबरतात मोठी माणसं. हिरोशिमाचा बॉम्ब पडला तेव्हा जपानी चित्रकार केजी नाकाझावा सहा वर्षांचा होता. १९७३पासून त्यानं ते सगळं मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये काढलं, त्यात जपानी सैन्याचे अत्याचारही आले. २०१२मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं ती पुस्तकं शाळांच्या ग्रंथालयांत उघड्या कपाटांतून काढायला लावली, ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी माघार घेतली. लपवावं असं वाटलं ते चित्रातल्या बॉम्बपायी नव्हे, आपल्याच शिपायांपायी. कॉमिकनं इथे मत एकांगी केलं की एकांगी मतावर ओरखडा काढला?

फोंडेकर:
मास्तर, चित्राची ताकद एवढी असते हेच तर मीही म्हणतोय! आमचं भांडण फक्त ती कुणाच्या हातात आहे यावर.

पेडण्याचो:
गाझा-हिरोशिमा राहू दे रे, आमच्या गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला या. १५ ऑगस्ट १९५५ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, हे गावात कुणालाही विचारा. उद्या कुणी ते कॉमिकमध्ये काढलं तर बंदुकीमागचा चेहरा कसला काढणार? सगळ्यांना पाखलेच, म्हणजे गोरे पोर्तुगीजच हवे असतील. पण तेव्हा गोव्यात पोर्तुगालचे होते, मोझांबिकहून आणलेले होते, आणि पोलिसात आपले गोंयकारही होते.

म्हापसेकरीण:
मग तिन्ही काढावेत, आणि कोण काय सांगतो तेही. सॅकोची रीत तीच की.

पेडण्याचो:
काढा की. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा त्या पोलिसात होते. त्यांची बाजू नसेल तर मी ते पुस्तक घेणार नाही. असेल तर अर्धा गाव घेणार नाही.