आघातानंतरच्या अपंगत्वावरचं संशोधन: आपण मुलाखतीला जावं का?

कळवेकर (धागा सुरू करणारी)

ठाणे-नवी मुंबईतल्या दिव्यांगांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक आवाहन आलंय. अपघात, हल्ला किंवा घरातली मारहाण यानंतर ज्यांना अपंगत्व आलं, त्यांना पुढे कोणता आधार मिळाला आणि कोणता मिळालाच नाही, यावर एक संस्था संशोधन करतेय. वय अठराच्या पुढे, दीड तासाची मुलाखत, मराठीत किंवा हिंदीत. ग्रुपवर लगेच दोन तट पडले आणि अ‍ॅडमिननी चर्चा बंद केली, म्हणून इथे लिहितेय. माझं मत आहे की जावं.

लोकलमधून पडून माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, त्या पायाची टक्केवारी आहे. गाडी फलाटात शिरताना सुटणारा घाम, उडालेली झोप, गर्दीच्या जिन्यावर अडकणारा श्वास, यातलं काहीही कार्डावर नाही. कृत्रिम पाय लावून मी व्यवस्थित चालते. माझी नोकरी गेली ती या दुसऱ्या त्रासापायी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, मानसिक आजार त्यातलाच एक. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातही त्याला वाटा आहे. तरी तपासणीत ज्यांनी पाय मोजला त्यांनी झोपेबद्दल चकार शब्द विचारला नाही. असे अर्धवट मोजले गेलेले आपल्यात किती असतील? कुठेतरी हे नोंदवलं जायला नको का?

ऐरोलीकर

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण माझा ठाम विरोध आहे.

माझ्या बहिणीला नवऱ्याच्या मारहाणीत डोक्याला इजा झाली, उजवा हात आजही नीट चालत नाही. तिने काय घडलं ते आधी पोलिसांना सांगितलं. मग दवाखान्यात, मग वकिलाला, मग कोर्टात उलटतपासणीत, मग अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून. त्यानंतर एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी आली. मुलगी चांगली होती, डोळ्यांत पाणी आणून ऐकत होती. ती गेल्यावर बहीण कित्येक रात्री दिवा लावून बसून राहायची. औषधाचा डोस वाढवावा लागला. प्रबंध पूर्ण झाला असेल, पदवीही मिळाली असेल. आमच्याकडे ती परत फिरकली नाही, तिने काय लिहिलं तेही आम्हाला माहीत नाही.

सरकारला, विद्यापीठांना कळत नाही म्हणून आधार मिळत नाही, हे मला पटत नाही. सगळ्यांना सगळं माहीत आहे. आधार द्यायला पैसा आणि माणसं लागतात, मुलाखत फुकटात होते.

घणसोलीची_मीरा

ऐरोलीकरांशी शंभर टक्के सहमत.

वाशीतली समाजसेविका

मी अशा कुटुंबांबरोबर बरीच वर्षं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

ऐरोलीकर, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झालं ते नियमाला धरून झालेलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्यविषयक संशोधनात सहभागी होणाऱ्याला त्याच्या भाषेत माहितीपत्रक द्यावं लागतं. मध्येच उठून जाण्याची मुभा असते आणि त्यामुळे उपचारांवर काहीही परिणाम होता कामा नये. प्रवासखर्च आणि बुडालेला रोज देता येतो. संशोधनामुळे इजा झाली तर तिचीही जबाबदारी घ्यावी लागते. संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीचा संपर्क त्या माहितीपत्रकावर असतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०१६च्या कायद्यातलं कलम ६. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा पद्धतीने घेतलेली संमती हवी. शिवाय एका संशोधन समितीची पूर्वपरवानगी हवी, आणि त्या समितीचे निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनांचे सभासद असायला हवेत. हे कलम फारसं कोणी वाचत नाही. आवाहन आलं की आपण पहिला प्रश्न हाच विचारावा: परवानगी कोणाची घेतलीत? उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका, मीही जाऊ देणार नाही.

पण उत्तर मिळालं तर कळवेकरांचं म्हणणं मला पटतं. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायला आपल्याकडे ‘आयडियाज’ ही मोजपट्टी आहे. ती चार गोष्टी बघते: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम. आजार किती काळ आहे हेही त्यात धरतात. आता समजा एखादीला आंघोळ, स्वयंपाक, बोलणंचालणं सगळं जमतं, पण संध्याकाळी सहाला ठाणे स्टेशनच्या पुलावर पाऊल टाकवत नाही. पहिल्या तीन गोष्टींत ती धडधाकट दिसते. कामात गुण पडतील, पण एकूण ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक लाभ हातचे जातात. अशी माणसं मला दर महिन्याला भेटतात. मी कितीही ओरडले तरी ते एका कार्यकर्तीचं सांगणं ठरतं. दोनशे जणांच्या मुलाखतींतून तेच पुढे आलं तर मोजपट्टी ठरवणाऱ्यांना ऐकावं लागेल.

नेरुळचा_वाचक

मोजपट्टी बदलेपर्यंत थांबायचं कशाला? एकाहून जास्त अपंगत्वं असतील तर टक्केवारी एकत्र करायचं सूत्र आजच्या नियमांतच आहे. कळवेकरताईंनी मानसोपचारतज्ज्ञाकडून उपचारांचे कागद घ्यावेत आणि फेरतपासणीचा अर्ज करावा. दीड तास मुलाखतीला द्यायचा तो अर्जाला द्या. टक्के वाढले तर तुमच्या हाती काहीतरी पडेल.

कळवेकर

नेरुळकर, अर्ज करतेच आहे. पण मला हे सूत्र आत्ता तुमच्याकडून कळलं. दवाखान्यातून घरी सोडताना, कृत्रिम पाय बसवताना, दाखला देताना कोणीही सांगितलं नाही. आधार कुठे तुटतो असं संशोधकाने विचारलं तर माझं उत्तर हेच असेल. अर्जाने माझा एकटीचा प्रश्न सुटेल. मागून येणारीला पुन्हा कोणी सांगणार नाहीच.

दिव्याचा_रहिवासी

वेगळा मुद्दा. नाव लिहिणार नाही म्हणतात, त्यावर जाऊ नका. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली. अहवालात त्या अपघाताचा उल्लेख, वय आणि कुठला अवयव गेला एवढं छापलं तरी आमच्या चाळीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ते. बायकांच्या बाबतीत तर सासरच्यांना पत्ता लागायला एवढं पुरतं. तारीख, स्टेशन, कंपनीचं नाव वगळणार का, हे लेखी घ्या. आपलं बोलणं छापण्याआधी आपल्याला दाखवणार का, हेही.

घणसोलीची_मीरा

हा मुद्दा फार मोलाचा आहे. माझा विरोध मुख्यतः याच भीतीमुळे आहे.

कळवेकर

मला यात आणखी एक अट घालावीशी वाटते. संशोधन आधारावर आहे ना? मग त्या दिवशी काय घडलं हे विचारायची गरजच काय? दाखल्याला किती खेटे घातले, रिक्षावर किती खर्च होतो, कामाच्या ठिकाणी वेळ बदलून मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं, समुपदेशन किती दिवस मिळालं आणि का थांबलं, हे विचारा. मी तासन् तास सांगेन. घटनेबद्दल अवाक्षर बोलणार नाही.

ऐरोलीकर

कागदावर हे बरोबर आहे. प्रत्यक्षात समोरचा माणूस प्रेमाने विचारतो, ‘हे सगळं सुरू कधी झालं?’ आणि माणूस वाहत जातो. तिथे नाही म्हणायचं बळ सगळ्यांत नसतं. तुमच्यात आहे, आनंद आहे. नियम मोडला तर तक्रार करायची जबाबदारीही पुन्हा आमच्यावरच. माझ्या बहिणीच्या वाट्याला हे पुन्हा येऊ नये एवढीच माझी धडपड आहे.

वाशीतली समाजसेविका

तुमची काळजी खरी आहे. मुलाखतीच्या वेळी विश्वासाचं माणूस शेजारी बसवता येतं, आणि नंतर त्रास झाला तर कोणाकडे जायचं हे त्यांनी आधीच ठरवून द्यायला हवं. रात्री-अपरात्री १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, पण संशोधकांनी तेवढा नंबर देऊन हात झटकू नयेत.

एक विचारते, रागावू नका. हे आवाहन तुम्ही बहिणीला दाखवलंत का? कायद्याने संमती तिची आहे. नकारही तिचाच असायला हवा.

ऐरोलीकर

काल रात्री दाखवलं. प्रश्न आधी वाचायला दिले तर विचार करेन, आणि त्यांनी आपल्या घरी यायचं नाही, असं ती म्हणाली. माझा विरोध कायम आहे. ती गेली तर मी सोबत जाईन.

कळवेकर

प्रश्नावली, परवानगीचं पत्र आणि दिवेकरांनी सांगितलेल्या गोष्टींचं लेखी उत्तर, तिन्ही त्यांच्याकडे मागितलंय. जागा स्टेशनपासून लांब, तळमजल्यावर हवी असंही कळवलंय. उत्तर आलं की इथे टाकते.