प्रतिसाद : वाघ नाही दिसला तरी सुंदरबन बघाच

'वाघ दिसत नाही, नुसता चिखल, पैसे वाया' असं वर एकांनी लिहिलंय. वाघ दिसणं कठीणच, मान्य. पण हे गंगेच्या मुखावरचं खारफुटीचं जंगल आहे, ओहोटीला बोट काठाजवळ थांबवायला सांगा. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांच्या (झाडाला हवा पुरवणाऱ्या मुळांच्या) टोकदार खुंट्यांमध्ये निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, परांवर रेटत सरकत असतात, आणि एकच नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना बोलावतात. कोकणातल्या खाडीकाठच्या लोकांना यात नवल वाटणार नाही, पण इथला पसारा सुमारे १०,००० चौ. किमी.चा आहे! त्यातला जास्त भाग बांगलादेशात.

आणि ज्यावरून नाव पडलं असं मानतात, ते सुंदरीचं झाड भारताच्या बाजूला कमीच. त्याला थोडं गोडं पाणी लागतं. गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडे सरकला, मातला-विद्याधरीसारख्या नद्यांचं वरून येणारं पाणी गाळाने तुटलं, त्यामुळे पश्चिमेला, म्हणजे भारताच्या बाजूला, खारटपणा वाढला. वाघाच्या बातम्यांत हे कुठे येतच नाही.

भारताकडच्या सुंदरबनातल्या सजनेखालीला बाटागुर बास्का या अतिदुर्मिळ कासवाचं प्रजनन केंद्र आहे, त्याचीही चौकशी करा. बोटवाले सहसा आपणहून सांगत नाहीत.