ज्ञानाची प्रार्थना फक्त नवख्यांसाठी?

जुन्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना देवाच्या ज्ञानासाठी प्रार्थनेची गरज काय, असं एकांनी विचारलंय. मला नाही पटलं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (१:१५-१७) प्रेषित पौल आधी इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांच्या विश्वासाबद्दल आभार मानतो, मग त्यांना देवाची ओळख आणखी पटावी म्हणून मागतो. स्वतः बेड्यांत, पण सहाव्या अध्यायात स्वतःसाठी मागतो काय, तर धैर्याने बोलता यावं. सुटकेचं नावही नाही!

आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या घरगुती प्रार्थनासभेत विनंत्यांची वही फिरते. गुडघेदुखी, पोराची मिहानमधली नोकरीची मुलाखत, तेही मागावंच. पण पंचाहत्तरी उलटलेल्या एक आजी दर वेळी सगळ्यात खाली लिहितात, 'देवाची ओळख'. पाळकसाहेब आता वही खालूनच वाचायला घेतात, नाहीतर चहा येतो आणि तेवढं राहून जातं.