मुलगा कॅचर झालाय. या जागेचं पुढे काय होतं?

खारीगावकरीण | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्या घरात कोणाला बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारते.

लेक आठवीत आहे. अंगाने भरलेला, पळण्यात शेवटून दुसरा. शाळेत बेसबॉलची टीम निघाली तेव्हा सरांनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तू कॅचर." म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून बॉल पकडणारा. मला वाटलं, जाड्या पोराला कुठेतरी बसवायचं म्हणून बसवला. लहानपणी चाळीत आम्ही अशालाच कीपर करायचो. पण हा पठ्ठ्या खूश. कपाटाच्या दारावर कॅल राली नावाच्या खेळाडूचा फोटो चिकटवलाय. सिॲटलचा कॅचर, २०२५ च्या सीझनमध्ये ६० होमरन, त्याआधी कॅचरांचा विक्रम ४८ चा, हे मला पोळ्या लाटताना दहादा तरी ऐकवून झालंय.

गेल्या शनिवारी उजव्या हाताचा अंगठा निळा करून आला. शाळेत गार्डचा सेट एकच, तोही मोठ्या मुलांच्या मापाचा. छातीचा पॅड याच्या मांड्यांवर येतो.

तर विचारायचं हे, की दोन-दोन तास असं उकिडवं बसून गुडघ्यांची वाट लागते का? आणि "मी प्रोफेशनल कॅचर होणार" असं जे चाललंय, त्या लोकांचं आयुष्य असतं कसं? किती वर्षं खेळतात, नंतर काय करतात? नवरा म्हणतो, आठवीत आहे, बघू दे स्वप्नं. मला आपलं आधी माहीत असलेलं बरं.

विटीदांडू | रविवार, रात्री ९:४२

ताई, सरळ कीपिंगला टाका. बसायचं तेवढंच, आणि पुढे आयपीएल तरी आहे. सेंट्रल मैदानावर कुठल्याही रविवारी जाऊन बघा, शंभर पोरं क्रिकेट खेळत असतात. बेसबॉलची 'मुंबई कोब्राज' नावाची टीम आहे, ती खेळते कुठे? दुबईत!

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ६:५०

कॅबमधून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

आधी माझी लायकी सांगतो. कॉलेजपर्यंत मी कीपर होतो, डाव्या करंगळीचं पेर अजून वाकडं आहे. बेसबॉल शिकलो तो पोटासाठी. सात वर्षं ऐरोलीत रात्रपाळी, आणि क्लायंट सेंट लुइसचा. त्या माणसांशी बोलायचं तर कार्डिनल्स (तिथली बेसबॉल टीम) माहीत हवेत, नाहीतर कॉलची पहिली पाच मिनिटं तुम्ही मुके. त्यांची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे सव्वापाचला सुरू होते, माझी कॅब साडेपाचला सुटते. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की चार इनिंग्ज तिथेच बघून होतात.

विटीदांडू, कीपर आणि कॅचर दोघं बॅट्समनच्या मागे बसतात, साम्य तिथेच संपतं. कीपर बोलरला "हे टाक" असं सांगत नाही. (धोनी सांगायचा. पण तो धोनी.) कॅचर जवळजवळ प्रत्येक बॉलला सांगतो, आणि मॅचमध्ये एका टीमचे साधारण दीडशे बॉल होतात. पूर्वी मांड्यांच्या मधे बोटं दाखवून सांगायचे. २०२२ पासून अंगावरची बटणं दाबतात आणि पिचरला (म्हणजे तिथल्या बोलरला) टोपीत ऐकू येतं. बाकीचे आठ जण होम प्लेटकडे (बॅट्समन उभा राहतो ती जागा) तोंड करून उभे, हा एकटा त्यांच्याकडे तोंड करून. अख्खं मैदान यालाच दिसतं. "नंतर काय करतात" याचं अर्धं उत्तर इथेच आहे: जो टोरी, ब्रूस बोची, माइक सोशिया हे नावाजलेले मॅनेजर (तिथे टीमच्या मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात) सगळे जुने कॅचर.

आता करिअर. कपाटावरचा राली सोडून द्या, असा एखादाच निघतो. या जागेवरचा संसार बघायचा तर एरिक क्रॅट्झ बघा. लेकाला हे नाव बहुतेक माहीत नसेल.

क्रॅट्झला २००२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात, तो) २९ व्या फेरीत घेतलं. आता ड्राफ्टच २० फेऱ्यांचा झालाय, म्हणजे आज असता तर त्याचं नाव पुकारलंच गेलं नसतं. पुढे आठ वर्षं मायनर लीग, म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या: छोटी गावं, बसचे प्रवास, खांद्यावर गार्डची पिशवी. मेजर लीगची पहिली मॅच २०१० मध्ये, वय ३०. त्यानंतर २०२० पर्यंत नऊ वेगवेगळ्या टीम. नऊ! बॅटिंग बेताची, पाचदा आला तर एखादा हिट. तरी दर वर्षी कोणीतरी फोन करायचंच, कारण प्रत्येक टीमला दुसरा कॅचर लागतो. आठवड्यातून एक-दोनदा खेळणारा, बाकीचे दिवस पिचरांचे बॉल घेणारा, घाबरलेल्या पोराला सांभाळणारा. २०१८ मध्ये ३८ व्या वर्षी मिल्वॉकीकडून तो पहिल्यांदा प्लेऑफ खेळला आणि चांगला खेळला. २०२० मध्ये यांकीजकडे असताना २१ वर्षांच्या डेव्ही गार्सियाच्या पदार्पणाला कॅचर हाच होता. त्या पोराबद्दल पत्रकारांशी बोलताना हा चाळिशीचा बाप्या रडला. कॅचरची भाकरी या असल्या कामावर चालते, आणि ते स्कोअरकार्डात कुठे दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर मधला जिना फार उभा आहे. मायनर लीगचे पगार २०२३ च्या करारात वाढले, तरी सिंगल-ए पातळीला (मायनर लीगची एक खालची पायरी) वर्षाचे २६ हजार डॉलर आणि वर काही. मेजर लीगमध्ये २०२६ चा किमान पगारच ७ लाख ८० हजार डॉलर. बहुतेक जण जिन्यातच राहतात.

दुसऱ्या टोकाला आमचा याडिएर मोलिना. (आमचा म्हणायची सवय लागलीय.) २००४ ते २०२२, एकोणीस सीझन, एकच टीम. ॲडम वेनराइट पिचर आणि मोलिना कॅचर अशी जोडी ३२८ मॅचेसच्या सुरुवातीला उभी राहिली, मेजर लीगचा विक्रम आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांची टीम प्लेऑफमधून बाहेर पडली आणि मोलिना थांबला. त्या सोमवारी आमच्या कॉलचा अजेंडा कोणी उघडलाच नाही.

आणि ताई, गुडघ्यांइतकीच काळजी डोक्याची करा. मिनेसोटाचा जो माउर घ्या. २००१ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, कॅचर असून तीनदा बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला, २००९ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू. ऑगस्ट २०१३ मध्ये बॅटची कड लागून मागे आलेला बॉल मास्कवर बसला, मेंदूला मार. त्याचं कॅचिंग तिथे संपलं, पुढची पाच वर्षं फर्स्ट बेसला (उभ्याने फील्डिंग करायची जागा) खेळला. ३० सप्टेंबर २०१८, शेवटची मॅच, नववी इनिंग. माउर कॅचरचे गार्ड चढवून बाहेर आला. स्टेडियमला आधी कळेचना, कळलं तेव्हा सगळे उभे राहिले. उकिडवा बसला, एक बॉल घेतला, बाहेरचा होता, आणि निघून गेला. एकच बॉल. तो व्हिडिओ मी कळव्याच्या पुलावर बघत होतो. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "साहेब, घरचं कोणी गेलं का?"

घर आलं. बाकी नंतर.

नेरुळची मास्तरीण | सोमवार, दुपारी २:२५

मी सॉफ्टबॉल खेळले, विद्यापीठापर्यंत कॅचर. आता मुलींना शिकवते.

अंगठा आधी. उजवा अंगठा निळा झाला याचा अर्थ तो मोकळा हात मिटच्या (कॅचरचा जाड हातमोजा) शेजारी उघडा धरतो. सगळे नवखे धरतात, वाटतं दोन हातांनी झेल पक्का. सिनसिनाटीच्या जॉनी बेंचला बघून कॅचरांची अख्खी पिढी एका हाताने पकडायला लागली, उजवा हात पाठीमागे. बेसवर (रनर थांबतो त्या ठिकाणी) कोणी नसेल तर हात मागे. रनर असेल तर मिटच्या मागे, मूठ सैल वळून. हे अंगवळणी पडेपर्यंत टेनिस बॉलनेच करून घ्या. सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही तर एक्स-रे काढा, "मुका मार आहे" म्हणून बसू नका.

छातीचा पॅड सैल असेल तर जुन्या दप्तराचे पट्टे लावून पाठीवर आवळता येतो, मी तेच करते. मास्क मात्र मापाचाच हवा. मान हलवली की मास्क डोळ्यांवर येत असेल तर त्या दिवशी खेळू देऊ नका, सरांशी वाईटपणा आला तरी चालेल. आणि सेंटर पॅड. मुलं लाजून सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

गुडघे: आमच्या आज्या विळीवर उकिडव्या बसून अख्ख्या लग्नाची भाजी चिरायच्या. आताच्या पोरांना घरोघरी कमोड, टाचा टेकवून खाली बसताच येत नाही, सगळा भार पुढे चवड्यांवर. ती सवय घरी लावा. सरावात सलग बसवू नका, आलटून पालटून दुसऱ्या जागेवरही खेळू द्या. वाढत्या वयात गुडघा दुखतो म्हणाला तर त्या आठवड्यात बसणं बंद.

पळण्याची चिंता करू नका. त्याचा हात कसा आहे ते बघा. मोठ्यांच्या मैदानावर होम प्लेटपासून सेकंड बेस १२७ फूट. बॉल मिटमध्ये आल्यापासून तिथल्या फील्डरच्या हातात पडेपर्यंत दोन सेकंद लागले तर प्रोफेशनल कॅचर मधल्या फळीतला. त्यातला निम्मा खेळ पायांचा आणि बॉल मिटमधून काढण्याचा असतो.

आणखी एक कला आहे, तिला फ्रेमिंग म्हणतात. भाजीवाला तराजूला हळूच करंगळी लावतो, तसं. बॉल जरा बाहेरचा असेल तर पकडता पकडता मिट आत सरकवायचा, अंपायरला स्ट्राइक (झोनमधला, म्हणजे बॅटरच्या मारायच्या टप्प्यातला बॉल) वाटला पाहिजे. यावर कित्येकांच्या नोकऱ्या टिकल्या. २०२६ पासून मेजर लीगमध्ये मशीनकडे दाद मागता येते, टीमला दोन चॅलेंज. करंगळीवर जरा जरब बसली. पण चॅलेंज मागायचा हक्क बॅटर, पिचर आणि कॅचर या तिघांनाच आहे, म्हणजे झोन डोळ्यात पक्का बसलेला कॅचर आता वेगळ्या कारणाने कामाचा.

मुलाला खोटी आशा नको, म्हणून हेही सांगते. अमेरिकन क्लबने करारावर घेतलेले पहिले दोन भारतीय रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८, पिट्सबर्ग. दोघं उत्तर प्रदेशातले, भालाफेक करणारे, बेसबॉल कधी न खेळलेले. दोघांनाही पिचर म्हणून घेतलं, आणि मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. हातात जोर असेल तर फेकणं वर्षभरात शिकवता येतं. कॅचिंग तसं येत नाही, त्याला लहानपणापासूनच्या शेकडो मॅचेस लागतात. त्या आपल्याकडे मिळत नाहीत. आपल्याकडे वाट जिल्हा, विभाग, राज्य अशी. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. नियम बदलत राहतात म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा, आणि प्रमाणपत्रं लॅमिनेट न करता फाइलला ठेवा. लॅमिनेट केलेलं एक मला स्वतःला नडलं.

शंकेखोर | सोमवार, रात्री ८:०५

अवांतर: मो बर्ग नावाचा कॅचर होता, १९२३ ते १९३९. प्रिन्स्टनचा पदवीधर, तिथे इतर भाषांबरोबर संस्कृतही शिकला. १९३४ मध्ये टीमबरोबर जपानला गेला असताना टोकियोतल्या एका हॉस्पिटलच्या गच्चीवरून शहराचं चित्रण केलं, आणि महायुद्धात अमेरिकेचा हेर झाला. बॅटिंग यथातथाच.

विटीदांडू | सोमवार, रात्री ८:११

म्हणजे आठवीला संस्कृत घ्यायला लावा, इतकंच ना?

खारीगावकरीण | बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. एक्स-रे काढला, हाड ठीक आहे. मास्कवरून सरांशी बोलले. आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाले बघतो. तोवर टेनिस बॉल.

रात्रपाळी, तुमचा क्रॅट्झ जेवताना वाचून दाखवला. "तीस वर्षांचा झाल्यावर?" म्हणाला आणि बराच वेळ गप्प राहून भात कालवत बसला. माउरचा व्हिडिओ मात्र स्वतःच शोधून तीनदा बघितला.

संध्याकाळी गच्चीवर मीच पिचर. उजवा हात मागे राहत नाही म्हणून त्याने स्वतःच तो चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचलाय. माझा चौथा बॉल वरच्या वहिनींच्या पापडांत गेला. म्हणाला, "आई, मी खाली मागितला होता." मांडीजवळ दोन बोटं दाखवली होती म्हणे. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.