जुना एकतर्फी हुकूमनामा रद्द मागणारा प्रत्येक जण कर्जबुडवा नसतो

नीरेकाठ (धागा सुरू करणार)

परवा इथे 'हिशोबी' यांनी लिहिलं होतं की दहा-बारा वर्षांनी जागे होऊन "एकतर्फी हुकूमनामा रद्द करा" (म्हणजे समोरचा हजर नसताना झालेला कोर्टाचा निकाल) म्हणत कोर्टात जाणारे सगळे बुडवे असतात, वकिलाला द्यायला पैसे असतात आणि बँकेला द्यायला नसतात, कोर्टाने असले अर्ज पहिल्या तारखेलाच फेकून द्यावेत. खाली नुसते अंगठ्यांवर अंगठे. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही, कारण त्या "सगळ्यां"मध्ये माझे वडील येतात.

वडील २००५ साली गिरणीतल्या एका सहकाऱ्याच्या एक लाखाच्या कर्जाला जामीन राहिले. तो माणूस वर्षभरात नोकरी सोडून गेला, मुद्दलातले ८५,००० थकले. २००७ मध्ये आम्ही तालुक्याच्या गावची भाड्याची खोली सोडून पिंपरीला आलो. रेशनकार्ड, गॅस, मतदार यादी, सगळं इकडे करून घेतलं. बँकेने २००९ मध्ये दावा लावला तो जुन्या खोलीच्या पत्त्यावर. फेब्रुवारी २०११ ला १,१२,००० चा एकतर्फी हुकूमनामा झाला, वर मुद्दलावर दाव्यापासून वसुलीपर्यंत वर्षाला १२ टक्के. आम्हाला पहिला कागद मिळाला तो जुलै २०२२ मध्ये. दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात लावलेल्या अर्जाची) नोटीस, पिंपरीच्या पत्त्यावर, फ्लॅट नंबरसकट, वडिलांच्या नावातला काना-मात्रासुद्धा बरोबर. आकडा दोन लाख चव्वेचाळीस हजारांच्या वर गेलेला.

दावा बजवायला जो माणूस सापडत नाही तो वसुलीला बरोबर कसा सापडतो? एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि हुकूमनामा रद्द झाला म्हणजे कर्ज माफ होत नाही हो. दावा परत नंबरावर येतो, कैफियत, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, द्यायला मिळते, समोरच्याला हिशोब दाखवावा लागतो. वडिलांनी "मी देणार नाही" कधीच म्हटलं नाही, "मला एकदा विचारा तरी" एवढंच म्हटलं.

हिशोबी

माझं नाव घेतलंय म्हणून उत्तर देतो. तुमच्या वडिलांबद्दल वैयक्तिक काही नाही. पण ताई, "मला नोटीस मिळालीच नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटलेत. माझ्या आईचे साडेतीन लाख एका पतसंस्थेत अडकलेत, २०१४ पासून. वडील गेल्यावर मिळालेले फंडाचे पैसे होते ते. तिथल्या कारकुनाने मला तोंडावर सांगितलं की कर्जदार भरत नाहीत, वसुलीला गेलं की स्टे आणतात, मग तुमची ठेव कुठून देऊ. आई आजही दर महिन्याला पासबुक घेऊन जाते आणि तशीच परत येते. तुम्ही लोक "नैसर्गिक न्याय" म्हणता त्याचं बिल माझी आई भरते. जामीन राहताना सही केली ना? मग कर्जदाराइतकीच जबाबदारी, कायदाच तसं म्हणतो. पत्ता बदलला तर बँकेला कळवायची जबाबदारी कोणाची होती?

वकीलवाडी

हिशोबी, दोन गोष्टी एकत्र करताय. पतसंस्था बहुतेक वेळा दिवाणी कोर्टात जातच नाही, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेते. त्यावर रिव्हिजनला (फेरतपासणीला) जायचं तर त्याच कायद्याच्या १५४(२अ) खाली येणे रकमेच्या ५० टक्के संस्थेकडे भरल्याशिवाय अर्ज दाखलच होत नाही. म्हणजे सहज स्टे मिळतो असं नाही. तुमच्या आईची ठेव कर्जदारांनीच बुडवली की संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या विनातारण कर्जांनी, ते संस्थेचे ऑडिट रिपोर्ट काढून बघा.

नीरेकाठ यांचं प्रकरण वेगळं, ते दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ९ नियम १३, एकतर्फी हुकूमनामा रद्द मागण्याचा अर्ज. हुकूमनाम्यापासून ३० दिवस, पण समन्स नीट बजावलंच नसेल तर कळल्यापासून ३० दिवस. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, बजावणीत नुसती कसर राहिली म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही. तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं कोर्टाला पटलं की अर्ज गेला. त्यामुळे खोटं बोलणाऱ्याला हे दार वाटतं तेवढं उघडं नाही.

रोखठोक_सातारा

कायद्याचं राहू द्या, समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या बेलीफांबद्दल कोणी बोलणार आहे का नाही? सगळं मूळ तिथे आहे. माझ्या चुलत्यांच्या दाव्यात रिपोर्ट होता "घर बंद, दारावर चिकटवले". त्या दिवशी घरात चुलतबहिणीचा साखरपुडा, दारात मांडव, दीडशे माणूस जेवायला. फोटो आहेत तारखेसकट. बेलीफ गावात आलाच नाही, वादीच्या वकिलाच्या टेबलावर बसून रिपोर्ट लिहिला.

नाझर_ऑफिस

मी २७ वर्षं बेलीफ होतो, आता निवृत्त. शेवटच्या माणसाला चोर म्हणणं सोपं असतं म्हणून लिहितोय.

पत्ता बेलीफ शोधत नाही साहेब, पत्ता वादी देतो. आम्हाला कागद मिळतो आणि गाव मिळतं. मी सायकलवर फिरलोय, नंतर स्वतःच्या लूनावर, पेट्रोल माझं. पोहोचलो की सगळी आळी मुकी. "कोण? माहीत नाही." घराच्या ओट्यावर बसलेला माणूस स्वतःच "ते मुंबईला असतात" म्हणून सांगतो. एकदा एका वाड्यात बाईने सांगितलं मालक पंढरपूरला गेलेत, आणि पाळण्यातलं पोर पडद्याकडे बोट करून "बाबा, बाबा" म्हणतंय, पडद्याखाली दोन पाय दिसतायत. मी त्या पायांना काय बजावू? अंगावर कुत्री सोडलीत माझ्या. एकाने समन्स हातात घेऊन माझ्यासमोर फाडलं आणि वरच्या कोर्टात म्हणाला मला मिळालंच नाही. तेव्हा बजावणी टाळणारे किती आणि खोटे रिपोर्ट लिहिणारे किती, हे एकदा बेलीफांचं काम बघणाऱ्या नाझराच्या टेबलाशी बसून बघा आणि मग बोला.

रोखठोक_सातारा

काका, तुमचा अपमान करायचा नव्हता पण साखरपुड्याच्या मांडवात "घर बंद" कसं दिसतं ते सांगा की.

नाझर_ऑफिस

तो माणूस चुकला. मी त्याचं समर्थन केलेलं नाही. एकावरून सगळ्यांना झोडू नका एवढंच.

हिशोबी

बघा! काकांनी सांगितलं तेच मी म्हणतोय. पडद्यामागचे पाय. हेच लोक अकरा वर्षांनी येऊन म्हणतात कळलंच नाही.

नीरेकाठ

पडद्यामागे कोणी नव्हतं, हिशोबी. पडदाच आमचा नव्हता, आम्ही दोन वर्षं आधी ती खोली सोडलेली. तुम्हाला खरंच बघायचं असेल तर बजावणीच्या रिपोर्टची नक्कल माझ्यासमोर आहे, जशीच्या तशी सांगते. "सदर इसमाचे घरी गेलो असता लोखंडी दार कुलूपबंद आढळले, शेजारी विचारता बाहेरगावी गेल्याचे समजले, सबब दारावर चिकटवून परत." शेजारी कोण, नाव नाही. घर कोणी दाखवलं, नाव नाही. पंचांच्या दोन सह्या, दोन्हींचा "पा" एकाच वळणाचा, पत्ते नाहीत. आणि त्या खोलीला लोखंडी दार कधीच नव्हतं. सागवानी दोन फळ्यांचं दार, खालचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला, आई तिथे पोत्याचा बोळा लावायची. घरमालकांनी शपथपत्रात लिहून दिलं की आजही तेच दार आहे, त्यांनी फोटोही काढून दिला. अर्ज त्या दारावर टिकला.

नाझर_ऑफिस

ताई, रिपोर्टला बेलीफाचं शपथपत्र जोडलेलं होतं का? नसेल तर कोर्टाने बेलीफाला शपथेवर तपासल्याची नोंद रोजनाम्यात (दाव्याच्या तारीखवार नोंदीत) आहे का?

नीरेकाठ

दोन्ही नाही. रोजनाम्यात एक ओळ, "समन्स बजावले, प्रतिवादी क्र. २ गैरहजर, एकतर्फी". पुढच्या तीन तारखांत निकाल.

भीमथडी

हे काही आजचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले तेव्हा धान्य-दागिन्यांपेक्षा त्यांना हवे होते रोखे (कर्जाचे लेखी कागद) आणि हुकूमनामे, ते काढून जाळले. शेतकऱ्याला वाचता येत नाही, कोर्ट लांब, सावकार एकतर्फी हुकूमनामा घेऊन दारात. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला त्यात कोर्टाला सांगितलं की नुसता रोखा बघू नका, पहिल्यापासूनचा देवघेवीचा हिशोब उघडा, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याला कैदेत टाकू नका. ते इंग्रज सरकारला कळलं, आणि आपण इथे म्हणतोय पहिल्याच तारखेला फेकून द्या.

हिशोबी

इतिहास नको. १८७५ चा सावकार आणि माझ्या आईची ठेव यांचा काय संबंध? सावकार ती नाही, ती ठेवीदार आहे. दर वेळी कर्जदार गरीब आणि पैसे देणारा राक्षस असंच का दाखवता?

भीमथडी

कोणी राक्षस म्हटलं नाही. एका बाजूचं ऐकून झालेल्या निकालाबद्दल बोलतोय.

सांगलीची_सून

मध्येच लिहिते. सासऱ्यांना असाच दरखास्तीचा कागद आला होता आणि वसुलीवाल्याने फोनवर सांगितलं अटक वॉरंट निघेल, जेलमध्ये जाल. त्यांनी तीन रात्री झोप घेतली नाही, साठवलेलं सोनं मोडायला निघाले. खरंच जेल होते का?

वकीलवाडी

असा फोन आला तर नंबर आणि वेळ लिहून ठेवा. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैद कायद्यात आहे, पण ऐपत असून बदमाशीने भरत नाही हे दाखवावं लागतं. जॉली जॉर्ज वर्गीस, १९८०, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की नुसती गरिबी हा तुरुंगाचा आधार नाही. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच होत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६. सरकारी पेन्शन जप्त होत नाही, पगाराचाही ठरावीक भागच होतो, कलम ६०. आणि वारसांना सांगा, मयताची जेवढी मिळकत हातात आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. सोनं मोडण्याआधी दरखास्तीची नक्कल काढा.

रोखठोक_सातारा

वकीलवाडी, तुम्ही वकील लोक मात्र प्रत्येक तारखेला पैसे घेता आणि मुदत मागता त्याचं काय? चुलत्यांच्या अर्जाला चार वर्षं लागली, निम्म्या तारखांना आमचाच वकील गैरहजर.

वकीलवाडी

तुमच्या वकिलाचं मी काय सांगू. पण हो, तारखांवर तारखा हे आमच्याही बाजूचं पाप आहे, ते नाकारत नाही.

हिशोबी

बरं ताई, एकच विचारतो. शेवटी काय झालं? रद्द झाला, आणि मग? पैसे भरले की नाही?

नीरेकाठ

नोटीस मिळाल्यापासून बाविसाव्या दिवशी अर्ज दिला. २०२३ मध्ये हुकूमनामा रद्द झाला, पण फुकट नाही, ४०,००० कोर्टात भरायचे आणि ३,००० खर्च बँकेला द्यायचा या अटीवर. वडिलांनी मुदतीच्या आत भरले. दावा परत सुरू झाल्यावर खातेउतारा मागवला तेव्हा दिसलं की मूळ कर्जदाराच्या गिरणीकडून आलेले २२,००० त्याच्या बचत खात्यात जमा होऊन तिथेच पडले होते, कर्जखात्याला वळवलेच नव्हते, आणि त्या २२,००० वरसुद्धा आमच्याकडून तेरा वर्षांचं व्याज मागत होते. एकतर्फी दाव्यात हे कोण विचारणार होतं? २०२४ च्या लोकअदालतीत ७८,००० वर मिटलं, कोर्टातले ४०,००० त्यातच धरले. वडिलांनी स्वतः जाऊन उरलेल्या ३८,००० चा डिमांड ड्राफ्ट दिला. तो मूळ कर्जदार आजपर्यंत भेटलेला नाही.

तर हो, भरले. देणं निघालं तेवढं भरलं. तुम्ही अर्ज पहिल्या तारखेला फेकला असता तर न निघालेलंही भरलं असतं.

हिशोबी

ठीक आहे. तुमच्या बाबतीत अर्ज ऐकायलाच हवा होता, मान्य. "सगळे" लिहायला नको होतं. पण माझं बाकीचं म्हणणं तसंच आहे, कोर्टाने पैसे भरायला लावूनच ऐकावं, तुमच्यासारखं. फुकट रद्द करू नये कोणाचा.

वकीलवाडी

यावर सरसकट नियम नको. ज्याला समन्स मिळालंच नाही त्याला तोंड उघडायला आधी पैसे भर म्हणणं बरोबर नाही. स्मॉल कॉजला (लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाला) तसा नियम आहेच, रक्कम भरा नाहीतर जामीन द्या, आणि तिथे खरी माणसं पैशाअभावी परत जाताना मी बघितलीत.

हिशोबी

आणि खोटी माणसं पैसे न भरता परत जाताना मी बघितलीत. इथे आपलं पटणार नाही.

नाझर_ऑफिस

नीरेकाठ ताई, रात्री परत वाचलं तुमचं. घर दाखवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कोणासमोर चिकटवलं त्यांची नावं लिहिल्याशिवाय तो रिपोर्ट पुरा होतच नाही, आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवायचे. लोखंडी दार लिहिलंय म्हणजे तो दुसऱ्याच घराला गेला किंवा गेलाच नाही. दोन्हीत दोष आमच्या माणसाचा. मी काल चिडून लिहिलं त्यात तुमच्याकडे नीट बघितलं नाही.

नीरेकाठ

काका, तुम्ही विचारलेल्या शपथपत्राच्या प्रश्नावरच आमच्या वकिलांचा अर्धा युक्तिवाद होता. राग नाही.

मुक्काम_लातूर

नवीन आहे इथे. माझ्या नावावर २०१५ चा एकतर्फी हुकूमनामा आहे, ई-कोर्ट्स ॲपवर नाव टाकल्यावर दिसला. पण खरं सांगतो, मला दोन वर्षांपूर्वीच दिसला होता, भीतीने कोणाला सांगितलं नाही. दरखास्त आता लागली आहे. काही होईल का?

वकीलवाडी

अवघड आहे पण संपलेलं नाही. कळल्याची तारीख खोटी लिहू नका, ॲप बघितल्याचं उलटतपासणीत निघालं तर सगळंच जाईल. विलंबमाफीचा अर्ज जोडा आणि दोन वर्षं का गेली ते आहे तसं लिहा. पण नुसती भीती वाटली एवढ्यावर कोर्ट दोन वर्षं माफ करेल असं धरून चालू नका. अपील कुठे झालेलं नाही ना ते आधी बघा, अपिलाचा निकाल लागला असेल तर हा रस्ता बंद. सोमवारी जाऊन दाव्याचा रोजनामा आणि बजावणीचा रिपोर्ट यांच्या नकलांचा अर्ज टाका, बाकी त्यानंतर.

नाझर_ऑफिस

आणि रिपोर्टची पाठची बाजूही मागा. शेरा पुष्कळदा पाठीमागे असतो आणि झेरॉक्सवाला पुढचीच बाजू काढून देतो.