ब्लड कल्चर: चार तासांतही झोन मोजता येतो
ब्लड कल्चर म्हणजे रुग्णाचं रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून जिवाणू वाढतात का ते पाहणं; वाढले की बाटली पॉझिटिव्ह. 'कुठलं अँटिबायोटिक चालेल हे कळायला बाटली पॉझिटिव्ह झाल्यावर दोन दिवस लागतातच' हे म्हणणं पटत नाही. ई. कोलाय, क्लेबसिएला या जिवाणूंसाठी युकास्टची (अशा चाचण्यांचे नियम ठरवणारी युरोपीय समिती) जलद पद्धत आहे: बाटलीतलं १२५ मायक्रोलीटर द्रव पातळ न करता थेट म्यूलर-हिंटन प्लेटवर (जिवाणू वाढवायची ठरावीक माध्यमाची बशी) पसरायचं, अँटिबायोटिकच्या डिस्क ठेवायच्या, ३५ अंशांवर ४, ६ आणि ८ तासांनी झोन, म्हणजे डिस्कभोवतीची जिवाणू न वाढलेली गोल जागा, मोजायचे. घोळ होतो तो वाचनात. झोनवरून औषध चालेल का हे सांगणारा तक्ता प्रत्येक वेळेचा वेगळा, जिवाणूनुसारही वेगळा; नेहमीचा १८ तासांचा तक्ता इथे अजिबात लावू नका. वाढ पुसट दिसली तर झोन मोजूच नका, दहा मिनिटांच्या आत प्लेट परत इनक्युबेटरमध्ये. आणि नाशिकच्या थंडीत फ्रिजमधून काढलेली प्लेट बराच वेळ गारच राहते. ती आधी कोमट होऊ द्या, नाहीतर चार तासांचं वाचन हातचं जाईल.