मदत हवी आहे: हळदीचं दूध दर वेळी फाटतंय. आलं आणि गूळ नेमकं कधी घालायचं?

वाटीभर_दूध, कोथरूड

खोकल्यासाठी रात्री द्यायचं हळदीचं दूध हवं आहे, पण चारातल्या तीन वेळा फाटतं. कृती अशी: पिशवीचं गायीचं दूध ५०० मिली फ्रिजमधून काढून थेट स्टीलच्या पातेल्यात. त्यातच किसलेलं आलं (इंचभर तुकडा), हळद १ चमचा, मिरपूड पाव चमचा, गूळ २ चमचे. सगळं एकदम घालून मध्यम आच.

उकळी यायच्या आधीच कण दिसायला लागतात, मग चोथा आणि पाणी वेगळं. आलं वगळलं तर कधी नीट होतं, कधी तरीही फाटतं. न फाटलेलंसुद्धा कडवट लागतं आणि पेल्याच्या तळाशी पिवळा गाळ उरतो. दूध शिळं नाही, त्याच पिशवीतल्या दुधाचा आल्याचा चहा व्यवस्थित होतो.

पिणारे: दोन मोठी माणसं, ७ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांना द्यावं का?

सुंठवडा

उत्तर तुमच्या चहातच आहे. चहात आलं आधी पाण्यात उकळतं, दूध नंतर पडतं. इथे तुम्ही कच्चं आलं थंड दुधात घालताय.

ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. साधारण ६० ते ७० अंशांना त्याचा जोर सर्वात जास्त, आणि खळखळ उकळलं की ते निकामी होतं. मध्यम आचेवर अर्धा लिटर थंड दूध नेमकं या टप्प्यातून सावकाश जातं, म्हणजे फाटायला भरपूर वेळ मिळतो. दक्षिण चीनमध्ये आल्याच्या रसावर गरम दूध ओतून मुद्दाम असंच दूध थिजवतात आणि गोड म्हणून खातात. तुमचं पातेलं तोच पदार्थ करायला बघतंय, फक्त अर्धवट.

दुसरा आरोपी गूळ. तो बहुधा किंचित आंबट असतो, काळपट आणि जुना जास्तच. उकळत्या दुधाला तेवढाही आंबटपणा पुरतो. म्हणून आलं नसतानाही कधी फाटतं, कधी नाही: गुळाचा खडा कुठल्या ढेपेचा यावर सगळं अवलंबून.

एका पेल्याची कृती (दूध २०० मिली):

आल्याचा अर्ध्या इंचाचा तुकडा ठेचून अर्धी वाटी पाण्यात ३-४ मिनिटं खळखळून उकळा. दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा चमचा तूप कोमट करा, गॅस बंद करून त्यात पाव चमचा (सपाट) हळद आणि २-३ भरडलेले मिरीदाणे घाला. दहा सेकंद ढवळा, लगेच आल्याचं पाणी गाळून ओता. हळद करपायला क्षणही पुरतो, आणि करपली की कडू. मग दूध घालून उकळी आणा, मंद आचेवर ४-५ मिनिटं ढवळत ठेवा. गाळा. गूळ सगळ्यात शेवटी, गॅसवरून उतरवून दोन मिनिटं झाल्यावर, थेट पेल्यात. त्यानंतर परत गरम करायचं नाही.

हळकुंड

कडवटपणाचं अर्धं कारण प्रमाण. अर्ध्या लिटरला चमचाभर हळद घालून ती कोरडीच टाकली तर गुठळ्या तळाला बसतात आणि तिथेच करपतात. गाळ मात्र राहणारच. हळद पाण्यात वा दुधात विरघळत नाही, तिच्यातलं कर्क्युमिन (पिवळं, गुणकारी मानलं जाणारं द्रव्य) स्निग्धात उतरतं, म्हणून तूप. पेला मधूनमधून हलवत प्यायचा, एवढाच उपाय.

हळद कुठली हेही बघा. सांगलीकडच्या राजापुरी हळदीची अख्खी हळकुंडं आणून थोडीथोडी दळून घेतली तर वासातला फरक लगेच कळतो. सुटी पूड घेतलीत तर पेलाभर पाण्यात चमचाभर सोडा, ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलाय असं समजा.

ओटी_डी

प्रमाणाबद्दल थोडं, कारण इथे लगेच 'मिरीनं कर्क्युमिनचं शोषण २० पट वाढतं' असं कोणीतरी लिहिणारच. तो आकडा १९९८ च्या बंगळूरच्या अभ्यासातला आहे. त्यात २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनसोबत मिरीतलं तिखट द्रव्य पिपरीन २० मिलिग्रॅम दिलं होतं. पाव चमचा हळद म्हणजे जेमतेम पाऊण ग्रॅम, त्यात कर्क्युमिन साधारण २०-२५ मिलिग्रॅम. मिरी जरूर घाला, पण औषधाच्या मात्रेची अपेक्षा नको. खवखवणाऱ्या घशाला मुख्य आराम गरम, गोड, स्निग्ध पेयाचाच मिळतो. (कोरेगाव पार्कात याच्यावर फेस ओतून त्याला टर्मरिक लाटे म्हणतात, त्यानं गुण वाढत नाही, बिल वाढतं.)

सासूबाईंना: भाजी-आमटीतली हळद वेगळी आणि रोजचा पेला वेगळा. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारून मगच द्या. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनाही हेच लागू. मुलाला अर्धा पेला, मिरी एकच दाणा. गुळाऐवजी मध चालेल, पण दूध कोमट झाल्यावर. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, ताप येतोय किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर दूध बाजूला ठेवून तपासणी करा. थुंकीची क्षयरोग चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

वाटीभर_दूध

आल्याचं पाणी वेगळं उकळून केलं, गूळ पेल्यात घातला. फाटलं नाही. कडवटपणाही गेला. सासूबाईंचं डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवलंय. अजून एक: याच दुधात कोजागिरीचा उरलेला दुधाचा मसाला चालेल का? आणि आल्याऐवजी सुंठ?

सुंठवडा

सुंठ चालेल, पेल्याला दोन चिमटी. ती वाळलेली असली तरी उकळत्या दुधातच घाला, थंड दुधात नको. मसाल्यात बदाम-पिस्त्याची भरड असते, खोकल्याच्या घशाला ती टोचते. त्यापेक्षा नुसतं जायफळ घ्या: सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून चार वळसे, एका पेल्याला तेवढं पुरे. जास्त उगाळून 'छान झोप लागेल' म्हणून द्यायचं नाही. जायफळ जास्त झालं तर मळमळ होते, डोकं गरगरतं. मुलाला तर एकच वळसा.